गोलमधून

भारंबे साहेबांनी कागद पुढे सरकवला.
अकरा नावं. चौथ्यावर पेन्सिलीची रेघ,
इतकी फिकट की वाटावं
खालच्या टेबलाचीच भेग उमटली.
"तुम्ही कॅप्टन, इंगळे. आणि सगळ्यात जवळून
तुम्हीच पाहिलंय त्याला."

जवळून म्हणजे मागून.
चौदा हंगाम मी कुरबान तडवीची पाठ पाहिली,
तोंड फार कमी.
भुसावळचा मे, संध्याकाळचे पाच,
गोलपोस्टच्या लोखंडाला हात लावला की चटका,
आणि त्या पाठीवर मीठ पांढरं होत जायचं
आधी दोन्ही खांद्यांवर, मग बरगड्यांच्या काठाने;
मधून एक ओला पट्टा, उन्हाळ्यातल्या तापीएवढा.

तो कीमन. रोज पूल ओलांडून
दुसखेड्यापर्यंत रूळ चालतो, खांद्यावर हातोडा.
चावी सैल असली की ठोक्याचा आवाज बदलतो म्हणे.
एकदा म्हणालो, माझा गुडघा वाजवून बघ.
हसला नाही.
स्वतःचाच चोळत राहिला.

साहेबांच्या वहीत सगळं आहे:
या हंगामात सात गोल त्याच्या बाजूने.
खंडव्याचा तो पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
त्याला टाकून असा पुढे गेला
जशी लूपवर उभ्या मालगाडीशेजारून
सुपरफास्ट काढतात,
आणि मालगाडी नुसती सिग्नल बघत राहते,
डब्यांत माल तसाच भरलेला.

बाकावर लोकेश फिरके. एकोणीस वर्षांचा, सावद्याचा,
केळीच्या बागांतले पाट उड्या मारत ओलांडलेला,
धाप कशी ती माहीत नाही.
दीड वर्ष बूट घालून बसतोय.
लेस बांधतो, सोडतो, बांधतो.
त्याला का थांबवायचं? कुणाच्या उपकारांपायी?
हे मी नाही म्हणत,
मागच्या पोळ्याला कुरबानच म्हणाला होता.

सोलंकी म्हणाले, अनुभव.
सोलंकी प्रत्येक मीटिंगला अनुभव म्हणतात.
जॉर्ज म्हणाला, टीम आहे, पेन्शन ऑफिस नाही.
चहा आला, बशीत शेव आली,
शेव संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

मग मी जे बोलायचं नव्हतं तेच बोललो.
मनमाडविरुद्धचा गोल. शेवटची तीन मिनिटं.
सगळ्यांनी पाहिलं, कुरबान उशिरा वळला.
पण त्याच्या पाठीला डोळे नाहीत,
पाठीचे डोळे मी.
मी "मागे!" ओरडायचं आणि त्याने न बघता पाय घालायचा,
चौदा वर्षं हे असंच.
त्या दिवशी मला बॉल दिसला, पोरगा दिसला,
आणि घशात धूळ होती की आणखी काही,
मी ओरडलो नाही.
गोल वहीत त्याच्या नावावर चढला.
मी चढू दिला.

पंखा फिरत राहिला.
"मग इंगळे," साहेब म्हणाले, "दोन रेघा मारू?"
कुणीतरी हसलं. मीही हसलो.
पेन्सिल त्यांनी खाली ठेवली नव्हती.

बाहेर इन्स्टिट्यूटच्या पायरीवर तो बसलेला,
लोकेशच्या बुटाचा स्टड पक्कडीने आवळत.
काय ठरलं, विचारलं नाही.
मीच सांगितलं, मनमाडचं, आत सांगितलं तसंच.
त्याने स्टडवर टिचकी मारली, जरा ऐकलं,
पुन्हा अर्धा आटा आवळला.
"तू आवाज देला होता, भो," म्हणाला.
"मलेच आयकू नी आला."

दिवसभर लोखंड ऐकणारा माणूस.

अजून कळत नाही, ते खरं होतं
की काहीतरी माझ्या अंगावर येताना दिसलं
आणि सवयीने
तो मध्ये आला.